मागचं पान



या कार्यक्रमाच्या अध्यक्षपदाचं विचारायला तुम्ही वाचनालयांचे कार्यकर्ते घरी आलात तेव्हा मी एकच प्रश्न केला होता : माणसं कुठून येणार? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर, असं उत्तर आलं आणि मी लगेच होकार दिला. माझं माहेर अंबरनाथ, सासर बदलापूर आणि एकतीस वर्षांची नोकरी उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत. या तीन स्टेशनांच्या पलीकडे मी फारशी गेलेलीच नाही. तेव्हा बोलणार आहे तेही इथलंच.

मला बोलायचं आहे ते एकमेकांना पुस्तक सुचवण्याविषयी. एका माणसाने दुसऱ्याच्या हातात पुस्तक ठेवून ‘हे वाच’ म्हणणं, एवढीच ही गोष्ट.

माझे वडील दर शनिवारी वाचनालयातून दोन पुस्तकं आणत. खाकी कव्हर, पाठीवर दाखल क्रमांकाची चिठ्ठी, शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला. मी पाचवीत होते. पुस्तक हातात आलं की मी आधी मागचं पान उघडायची, कारण तिथे आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं असे. ‘उत्तम.’ ‘शेवट पटला नाही.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मलाही.’ एकदा तर ‘आईला वाचून दाखवले, तिला आवडले,’ असं होतं. पुस्तकात लिहू नये हा नियम योग्यच आहे, मुलांना मीही तोच शिकवला. पण त्या पानांनी मला वाचक केलं, हे आज या व्यासपीठावरून सांगायलाच हवं.

त्या लिहिणाऱ्यांत एकजण काहीच लिहीत नसे. कोपऱ्यात एक तिरकी बरोबरची खूण आणि खाली तारीख, इतकंच. ती खूण असलेलं पुस्तक मला आवडणारच, हे हळूहळू कळलं. ‘बनगरवाडी’ मी त्या खुणेमुळे वाचली, ‘रणांगण’ही तसंच. कॉलेज संपेपर्यंत मी त्या खुणेच्या मागे मागे वाचत गेले. माणूस कोण, बाई की पुरुष, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या माणसाची आवड मला ओळखीची झाली होती. हेच मला ‘वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ या छापाच्या याद्यांत सापडत नाही. यादी मला ओळखत नाही आणि मी यादीला ओळखत नाही. ‘फसलीस का?’ असं विचारायला तिच्यामागे कोणी उभं नसतं.

सुचवणाऱ्याने समोरच्याकडेही पाहायला हवं, हे मी चूक करून शिकले. नववीतला एक मुलगा, वडील फर्निचर बाजारात सुतारकाम करणारे. हुशार, पण अवांतर वाचन शून्य. मी मोठ्या उत्साहाने त्याला ‘ययाति’ दिली. ज्ञानपीठ मिळालेलं पुस्तक, म्हणजे चांगलंच असणार, असा माझा हिशेब. महिन्याने त्याने ती परत आणली. वर्तमानपत्राचं सुरेख कव्हर घातलं होतं, आतलं एक पानही उलटलेलं नव्हतं. मला आवडलेलं पुस्तक मी माझ्यासाठीच निवडलं होतं. त्याला मी काही विचारलंच नव्हतं. मग विचारलं. तो म्हणाला, काहीतरी बांधतात, उभारतात, असं काही आहे का? मी त्याला प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ दिलं. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरची ती कादंबरी 1981 साली आली आणि आजही मुलं ती एका बैठकीत संपवतात. तिसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दाराशी उभा होता. ‘बाई, अजून असं आहे?’ शिक्षक वर्षानुवर्षं ज्या प्रश्नाची वाट बघतो तो हा प्रश्न.

कधी कधी सुचवण्यातून पुस्तकच जन्माला येतं. शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि 1857 च्या धुमश्चक्रीत सापडले. परत आले, भिक्षुकी करत राहिले. चिंतामण विनायक वैद्यांनी त्यांना, हे सारं लिहून काढा, असं सुचवलं. म्हणून भटजींनी लिहिलं आणि 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ छापलं गेलं. वैद्यांनी आग्रह धरला नसता तर झाशीच्या वेढ्याची एका मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेली हकिकत वरसईच्या ओटीवरच विरून गेली असती. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांना मी आज ते मनापासून सुचवते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या शाळेच्या इमारतीत दुपारच्या सत्रात दुसरी शाळा भरायची. आमचं सुटणं आणि त्यांचं भरणं यात अर्धा तास मिळायचा. तिथे एक सिंधी शिक्षिका होत्या. सगळे त्यांना ‘दादी’ म्हणत. मला वाटायचं, आजी म्हणतात की काय, वय तर तेवढं नाही. मग कळलं, सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. त्या लहानपणी हैदराबाद, सिंधहून आलेल्या आणि कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकीत वाढलेल्या. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं, हे आपल्याला पाठ असतं. लाखाच्या घरात माणसं आली हेही आपण सांगतो. त्यांच्या ट्रंकांत पुस्तकंही होती, याचा विचार मी दादी भेटेपर्यंत केला नव्हता.

एकदा दादींनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी सवयीने उघडलं तर त्या हसल्या. मला जे मागचं पान वाटत होतं ते त्यांचं पहिलं पान होतं. सिंधी उजवीकडून डावीकडे लिहितात, बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपीत. पुस्तक होतं पोपटी हिरानंदानींचं आत्मचरित्र, 1982 साली साहित्य अकादमी मिळालेलं. नावाचा अर्थ, माझ्या आयुष्याची सोन्यारुप्याची पानं. फाळणीनंतर मुंबईत आलेली, कॉलेजात सिंधी शिकवणारी, हुंड्याविरुद्ध ठाम उभी राहून अविवाहित राहिलेली बाई. दादी रोज अर्धा तास ते मला हिंदीतून सांगत. एक पूर्ण पावसाळा आम्ही असं वाचलं. जूनमध्ये सुरू केलं, नवरात्रात संपलं.

बदल्यात मी त्यांना ‘स्मृतिचित्रे’ दिलं. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येत होती, मराठी बाजारातून. सावकाश वाचायच्या, अडलेल्या शब्दांवर खूण करून आणायच्या. लग्नानंतर अक्षर ओळखायला लागलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या पुस्तकातलं दादींना काय भिडलं असेल? विनोद नव्हे, ज्यावर आपण सगळे हसतो. त्या म्हणाल्या, ‘ही बाई किती वेळा घर मोडते आणि पुन्हा मांडते.’ मी ते पुस्तक चार वेळा वाचलं होतं आणि बिऱ्हाडांची ती मालिका मला कधी मोजावीशी वाटली नव्हती. बराकीत पडदा लावून घर केलेल्या मुलीने ती मोजली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपण पुस्तकं सुचवतो ती आपल्यासारख्यांनाच. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या बायका सकाळी आधी उलट्या बदलापूरला येतात, म्हणजे परतीच्या गाडीत बसायला जागा मिळते. त्या डब्यात गाडी सुटेपर्यंत मसाल्याची कृती, औषधं, भिशीचे पैसे आणि पुस्तकं या पर्समधून त्या पर्समध्ये जातात. मी वर्षानुवर्षं पाहिलं, पुस्तक मात्र मराठी पर्समधून मराठी पर्समध्येच जातं. मोहन कल्पना हे सिंधीतले मोठे कथाकार उल्हासनगरात राहत होते. 1984 साली ‘उहा शाम’ या पुस्तकासाठी त्यांना साहित्य अकादमी मिळालं आणि 1992 मध्ये ते तिथेच वारले. मी त्याच गावात शिकवत होते. कोणी मला त्यांचं नाव सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्याकडे करणारी माणसं आहेत. बदलापुरात श्याम जोशींनी ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभं केलं. दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि जुनी नियतकालिकं शोधत अभ्यासक तिथे येतात. डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी पुस्तकांच्या आदानप्रदानाचा मोठा उपक्रम चालवला, एक पुस्तक द्या आणि एक घ्या. जुन्या काळी प्रवासी इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं म्हणतात. त्या नावाच्या गावाला पुस्तकं बदलणं काही अवघड नाही. ग्रंथालय कायदा 1967 चा, सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला तोही 1967 साली. दोघांचं वय एकच, मग वाचनालयात सिंधीलाही जागा हवी. तिन्ही गावांतल्या वाचनालयांना माझी विनंती आहे : एक कपाट असं ठेवा, जिथे सिंधीतून मराठीत, हिंदीत आलेली किंवा देवनागरीत छापलेली पुस्तकं असतील. आणि काउंटरवर दोनशे पानी वही ठेवा, मागच्या पानावर लिहिण्याऐवजी वाचक त्या वहीत लिहितील. नाव घातलं नाही तरी चालेल, खूण केली तरी पुरे. ज्यांना सिंधीची ती अरबी वळणाची लिपी वाचता येते असे आजी-आजोबा अजून आहेत. त्यांच्याकडून वाचून घ्या, मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. पुस्तकं राहतील, वाचणारे राहणार नाहीत.

हे मी का सांगते आहे, ते ऐका. दादी जाऊन आता सहा वर्षं झाली. परवा या भाषणासाठी मी ‘स्मृतिचित्रे’ची ती प्रत कपाटातून काढली. शेवटचं कोरं पान उघडलं, आणि तिथे पेन्सिलीने चार ओळी होत्या, सिंधीत. परत करताना त्यांनी लिहिल्या असणार. इतकी वर्षं पुस्तक माझ्याच घरात आहे, पण मी ते नेहमी माझ्या बाजूने उघडलं. त्यांनी लिहिलं ते त्यांच्या पहिल्या पानावर. दादींच्या नातवाला फोटो पाठवला. तो घरात सिंधी बोलतो. त्याने कळवलं, ‘आंटी, मला वाचता येत नाही.’

ती प्रत मी आज सोबत आणली आहे. इथे, टेबलावर ठेवते आहे. सभागृहात मागे काही वयस्कर मंडळी बसलेली दिसतात. तुमच्यापैकी कोणाला ती लिपी वाचता येत असेल तर चहा घेण्याआधी कृपा करून पुढे या. मी इथेच उभी आहे.