उसन्या अधिकाराची राखण



साहित्याच्या अध्यापकाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण विषय वाचनाचाच आहे.

युनिक्स परंपरेतील संगणकांवर 'सुडू' ही आज्ञा असते. साध्या वापरकर्त्याला ती ठरावीक कामापुरता मुख्य व्यवस्थापकाचा अधिकार देते. कोणाला किती अधिकार, हे एका नियमपत्रात नोंदलेले असते. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथे बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी ती रचली. पुढे तीन दशके टॉड मिलर यांनी तिची देखभाल केली.

२०११ साली तिच्या संहितेत एक चूक शिरली. ही आज्ञा विशिष्ट रीतीने देऊन शेवटी एकच उलटी तिरपी रेघ ठेवली, की नेमलेल्या जागेबाहेर मजकूर लिहिला जाई. त्या वाटेने नियमपत्रात नाव नसलेलाही सर्वाधिकारी होऊ शके. संहिता सर्वांना खुली होती. तरी चूक जाहीर होऊन दुरुस्त व्हायला २०२१चा जानेवारी उजाडला.

खुली संहिता म्हणजे वाचलेली संहिता नव्हे. आपल्या हस्तलिखितांचेही तेच आहे. कपाट उघडे असते. पाठ ताडून पाहणारा विरळा. नवे लिहिणाऱ्याचा आपण सत्कार करतो. जुने राखणाऱ्याच्या वेतनाची तरतूद मात्र राहून जाते. तेव्हा अकादमीने प्रकाशनासोबत पुनर्वाचनासाठीही दरवर्षी निधी राखावा, एवढीच विनंती.