राबणं म्हणजे व्यायाम नव्हे

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



वस्तीतल्या बैठकीत व्यायामाचा विषय काढला की बायका विचारतात, "दिवसभर राबतोच की आम्ही, आणखी व्यायाम कशाला?" आणि घरातले पुरुष म्हणतात, "बाईच्या जातीला हे झेपायचं नाही, त्यातून या वयात!" ही दोन्ही म्हणणी आज तपासून पाहू.

आधी झेपण्याचं. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राड्केनं विश्वविक्रम केला. शर्यतीनंतर काही जणी दमून मैदानावर पडल्या. दमलेले पुरुषही असेच पडतात. पण वर्तमानपत्रांनी त्याचं भलतंच वर्णन केलं आणि ही शर्यत बायकांसाठी १९६० पर्यंत बंद झाली. मॅरेथॉनसाठी तर १९८४ उजाडावं लागलं. तीन हजार मीटर स्टीपलचेस खुली झाली २००८ साली, आणि २०१६ मध्ये आपल्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये तिच्या अंतिम फेरीत धावली. शरीर अडवत नव्हतं, दार बंद होतं.

भरभर चालणं, धावणं, सायकल असा दम वाढवणारा व्यायाम नेमानं केला की शरीर बदलतं. पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो. मग हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि पेशींमध्ये प्राणवायू वापरून शक्ती तयार करणारे कणही. म्हणून तोच चढ चढताना धाप कमी लागते.

हे कुणाच्या शरीरात होतं? १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडात 'हेरिटेज' नावाचा अभ्यास झाला. आईवडील आणि मुलं-मुली, १७ ते ६५ वयाच्या सातशेहून अधिक माणसांनी २० आठवडे सायकलचा व्यायाम केला. माणसामाणसांत फरक खूप पडला, पण किती टक्के सुधारणा होणार हे बाई की पुरुष, तरुण की प्रौढ यावर फारसं अवलंबून नव्हतं. बाईचं हृदय सरासरीनं लहान, हिमोग्लोबिन कमी. म्हणून तिची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा खाली असते, हे खरं. पण वाढण्याची ताकद तिच्यातही तेवढीच.

आणि वय? १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा दम जेवढा घटला नव्हता, तेवढा त्या तीन आठवड्यांनी घटवला होता! सहा महिने व्यायाम केल्यावर पन्नाशीतही त्यांचा दम विशीत होता तिथवर आला. या पाचांत बाई एकही नव्हती, हेही ध्यानात ठेवा.

आता पहिला सवाल. शरीर व्यायाम करताना घडत नाही. व्यायामानंतर, विश्रांतीत घडतं. थोडा वेळ ताण, मग पोटभर अन्न, झोप, आणि पुन्हा ताण, असा तो क्रम आहे. हंडा वाहणारी, ऊस तोडणारी बाई ताण सोसते, पण पुढच्या दोन गोष्टी तिच्या वाट्याला येत नाहीत. तासन्‌तास वाकून, ओझं उचलून पाठ-गुडघे झिजतात. दम वाढेलच असं नाही. श्रमाच्या मानानं खाणं कमी पडलं तर पाळी अनियमित होते, हाडं ठिसूळ होतात. हे नावाजलेल्या खेळाडू मुलींच्या बाबतीतही घडतं.

त्यात पंडुरोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर हृदयाला जास्त ठोके मारून भरपाई करावी लागते. अशा बाईला 'आळशी' म्हणणं हा अन्याय आहे. तिला आधी तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि ताटात वाटा हवा.

आणि वेळ? २०२४ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ८८. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, बाईला आणि पुरुषाला सारखाच, पासष्टीनंतरही. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. ती कुणाच्या कामातून निघणार, हा प्रश्न घराघरांत विचारायला हवा.

गटानं सुरुवात करू या. दहा जणींनी मिळून चालायचं. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग ठेवायचा. हळूहळू वाढवायचं. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवायचं. आणि ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे मागायचं: संध्याकाळी दिवे असलेलं मैदान, तिथं बायकांसाठी स्वच्छतागृह, आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी.

राबणं आपल्यावर लादलेलं आहे. व्यायाम, अन्न आणि विश्रांती हा आपला हक्क आहे. तिन्ही एकत्रच मागू या.