पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

लहान मुलाच्या हाती लाकडी घोडा असतो तेव्हा त्या घोड्याच्या पायांची लांबी कोणी मोजीत नाही. प्रौढ माणूस रणगाड्याची प्रतिकृती करावयास बसतो तेव्हा मात्र मोजपट्टी हाती घेतल्यावाचून त्याचे चालत नाही. खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद येथूनच सुरू होतो.

या छंदात आज सर्वाधिक रूढ असलेले एकास पस्तीस हे प्रमाण कोणा गणितज्ञाने ठरविलेले नाही. जपानातील शिझुओका शहरी तामिया नावाचा कारखाना आहे. त्याने १९६१-६२ च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचा प्लॅस्टिकचा संच काढला. तो विजेवर चालावयाचा असल्यामुळे छोटी मोटार आणि तिचे सेल पोटात मावतील एवढे त्याचे आकारमान ठेविले गेले, व नंतर हिशेब करून पाहता ते मूळ वाहनाच्या पस्तिसाव्या हिश्शाइतके भरले. पुढे मोटार गेली, सेल गेले. प्रमाण तेवढे राहिले, आणि जगातील इतर कारखान्यांनीही तेच उचलले.

पस्तिसावा हिस्सा म्हणजे काय, हे सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्यावरून चांगले ध्यानी येते. तोफेची नळी सोडून त्याची लांबी सुमारे साडेसात मीटर; प्रतिकृतीत ती बावीस सेंटिमीटरांच्या आत येते. वजन सुमारे ५१ टन. परंतु लांबी पस्तिसाव्या हिश्शावर आली की घनफळ ४२,८७५ व्या हिश्शावर येते, म्हणजे न्यायाने प्रतिकृतीचे वजन सव्वा किलोच्या आसपास भरावयास हवे. प्लॅस्टिकचा पोकळ सांगाडा एवढा जड कोठून असणार? तेव्हा हाताला न जाणवणारे हे ओझे डोळ्यांना जाणवून देणे, हेच कारागिराचे पहिले काम ठरते.

त्याकरिता चाकांपासून आरंभ करणे इष्ट. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा चाके, दोन-दोनांच्या तीन जोड्यांनी बसविलेली. सांधा ओला असतानाच सांगाडा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून बाराही ठिकाणी चाके काचेला टेकतात की नाही ते पाहावे. एखादे चाक केसभर जरी अधांतरी राहिले तरी ५१ टनांचा भास तेथेच नाहीसा होतो, मग वर कितीही सुंदर रंग द्या. चिकटद्रव्य हे खळीसारखे नसते. ते प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करते. म्हणून ते बारीक कुंचल्याने सांध्यावर नुसते टेकवावे, आपोआप आत शिरते. काम चालू असताना खिडकी उघडी असावी, हे घरातल्या वडील माणसांनी सांगावयास नकोच.

आता खरा प्रश्न. सेंच्युरियन करावयाचा, पण कोणता? बाजारातील संच बहुधा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन किंवा इस्रायली सैन्याच्या वाहनांचे असतात. महाराष्ट्रातील कारागिराच्या मनात मात्र सहजच एक नाव येते. ते नाव फामागुस्ता. सायप्रस बेटावरील एका बंदराचे हे नाव पूना हॉर्स या पलटणीच्या एका सेंच्युरियनला दिलेले होते, आणि त्या रणगाड्याचा नायक होता सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्याचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. १९७१ च्या जून महिन्यात तो पलटणीत दाखल झाला. डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा तो अहमदनगर येथे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमास होता. तेथून तो आघाडीवर गेला, आणि १६ डिसेंबर रोजी शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ शत्रूच्या पॅटन रणगाड्यांशी लढताना मरण पावला. त्याचा रणगाडा पेटला होता. तो सोडून बाहेर पड, असे त्याला सांगण्यात आले असता तोफ अजून चालते आहे म्हणून त्याने ते मानले नाही. वय एकवीस. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. फामागुस्ता आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे.

पुण्याहून अहिल्यानगर काही दूर नाही. तेव्हा जाऊन पाहून यावे आणि दिसेल तसा रंग द्यावा, एवढे हे सोपे वाटते. तसे ते नाही. जतन केलेल्या वाहनांना ऊनपावसापासून वाचविण्यासाठी वेळोवेळी नवा रंग चढवावा लागतो. आज डोळ्यांसमोर दिसतो तो निगा राखणाऱ्यांचा रंग. १९७१ च्या डिसेंबरातला नव्हे. त्या वाहनापासून आकार घ्यावा, सांधे घ्यावेत, पत्र्यांच्या कडा घ्याव्यात. रंगाची साक्ष त्या काळच्या छायाचित्रांत शोधावी, आणि तीही बहुतेक कृष्णधवल असल्यामुळे गडद-फिकट एवढाच भेद तीत सापडेल हे गृहीत धरावे.

शिवाय मूळ रंग जसाच्या तसा मिळाला तरी तो जसाच्या तसा लावून भागत नाही. मोठ्या पृष्ठावर उन्हात उजळ दिसणारा हिरवा रंग वीतभर वस्तूवर काळवंडलेला दिसतो. म्हणून त्यात थोडा फिकट रंग मिसळावा लागतो. रंगाच्या थराचेही तसेच. दशांश मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या वाहनावर साडेतीन मिलिमीटरांचा लेप होईल! म्हणून पातळ रंगाचे हलके हात फवाऱ्याने एकावर एक द्यावेत, आणि दोन हातांमध्ये वाळावयास पुरेसा वेळ द्यावा. घाई करणाऱ्याने हा छंद धरूच नये.

यानंतर पातळ केलेला गडद तैलरंग खाचाखोचांत सोडतात, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग घासतात. या दोन युक्त्या १९७० नंतरच्या दशकात शेपर्ड पेन या अमेरिकन कारागिराने छोट्या पत्रकांतून पुष्कळ लोकप्रिय केल्या. त्यांचा अतिरेक मात्र अलीकडे फार झाला आहे. स्पर्धेतील कित्येक रणगाडे वीस वर्षे भंगारात पडल्यासारखे गंजलेले असतात. नांदत्या पलटणीचे वाहन असे नसते. धूर सोडणारी नळी तांबूस होते. सैनिक ज्या कडेवर पाय देऊन चढतात तेथला रंग झिजतो. पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग चकाकतो. एरवी गंज दाखवावयाचा तर तो का आला, याचे उत्तर कारागिरापाशी असले पाहिजे.

चिखलाबाबत तर पुण्याच्या माणसाची हमखास फसगत होते. त्याच्या डोळ्यांत काळी जमीन बसलेली असते. कोकणातला असेल तर तांबडी माती. बसंतर ही रावीला मिळणारी नदी, आणि तिचा मुलूख पंजाबच्या गाळाचा. तेथली माती फिकट, करडी-पिवळसर. ओली असता गडद, वाळली की जवळजवळ राखेसारखी. रणगाडे रात्री सुरुंगांच्या पट्ट्यातून काढलेल्या वाटेने पलीकडे गेले होते; तेव्हा चाकांपाशी ओलावा आणि वरच्या पत्र्यांवर कोरडी धूळ, अशी वाटणी करावी. काळा चिखल थापला तर ते वाहन बसंतरचे न राहता घोडनदीचे होईल.

उरतो तो सर्वांत अवघड भाग. घाव दाखवावेत की नाही? पुष्कळांच्या मते ते दाखविल्यावाचून हा फामागुस्ता ठरतच नाही. कोणताही सेंच्युरियन ठरतो. या म्हणण्यात अर्थ नाही असे नाही. परंतु गोळा नेमका कोठे लागला, पत्रा कसा फाटला, आग कोठवर पसरली, हे पुराव्यावाचून करावयाचे म्हणजे कल्पनेने करावयाचे. आणि ज्या जागी एक तरुण मेला तेथे कल्पनेने काजळी फासावयाची व कापसाचा धूर उभा करावयाचा, हे हौसेच्या मर्यादेत बसत नाही. खात्रीचा पुरावा हाती असेल त्याने घाव खुशाल दाखवावेत. नसेल त्याने १६ तारखेची सकाळ निवडावी: रणगाडा नदी ओलांडून पलीकडे आलेला, पत्रे शाबूत, पुढचे सारे अजून व्हावयाचे.

संचातील छापील चिन्हे येथे कामाची नाहीत. नावाची अक्षरे हातानेच काढावी लागतात, आणि ती छायाचित्राशी ताडून शेवटी काढावीत. कारण एकदा नाव पडले की वाहन बदलता येत नाही. आत चौघे असतात, पण बाहेरून दिसावयाचा तो नायक, वरच्या झाकणातून छातीपर्यंत निघालेला. पस्तिसाव्या हिश्शात माणूस पाच सेंटिमीटर उंच, त्याचा चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तेवढ्यात कोणाचे साम्य उतरविता येत नाही, आणि उतरविण्याचा प्रयत्नही करू नये. कानांवर बिनतारी यंत्राचे श्रवणी असावेत, एक हात झाकणाच्या कडेवर, आणि मान जरपालच्या शेतांकडे वळलेली.