आधी घरी सांगा

श्रोतेहो, आमच्या किल्लारीचा माणूस कोणतीही जुनी गोष्ट सांगू लागला की ‘भूकंपाच्या आधी’ किंवा ‘भूकंपाच्या नंतर’ असेच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. गाव गाढ झोपेत असताना, चार वाजण्याच्या सुमारास, दगडमातीच्या जाड भिंती माणसांच्या अंगावर आल्या. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढे कितीतरी दिवस मोठी माणसे म्हणत, “कुणी आधी सांगितलं असतं तर!”

भूकंपाचे आधी सांगणे कुणाच्याच हाती नव्हते. पण आज मी ज्या संकटाविषयी बोलणार आहे, त्याची खबर घरातल्या एका माणसाला पुष्कळदा आधीच असते, आणि तरीही तो बोलत नाही. हे संकट म्हणजे शरीरसंबंधातून होणारे रोग. आपण त्यांना गुप्तरोग म्हणतो. नावातच गुप्तता आली, मग बोलणार कोण?

माझ्याच पेशातला एक माणूस मात्र बोलला. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिले, आणि पुढे या कामापायी नोकरीही सोडली. १९२७ पासून १९५३ साली डोळे मिटेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. आज हे भाषण करताना मला नोकरीची चिंता नाही, हे कर्व्यांचेच ऋण.

तीनेक वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. ओळख पटू नये एवढी काळजी घेऊनच सांगतो. कामासाठी वर्षातले सात-आठ महिने तो परगावी असे. चहा गार झाला तरी कप हातातच. शेवटी म्हणाला, “सर, सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. एचआयव्ही निघालाय. बायकूला अजून बोललो न्हाई. सांगितलं तर संसार मोडंल, आन् न्हाई सांगितलं तर...” पुढचे वाक्य त्याला पुरे करवेना.

मी पडलो भाषेचा मास्तर, मला औषधातले काय कळणार? म्हटले, “उद्या दोघं मिळून जाऊ आणि विचारू.” तिथल्या समुपदेशकाने जे समजावले, तेच तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, बायकोची तपासणी. लागण नुकतीच झाली असेल तर ती लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा एकदा. दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी निरोध. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट, रोजची गोळी न चुकता. ही औषधे २००४ पासून आपल्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. गोळ्या नियमित घेतल्या की रक्तातले विषाणू कमी होत होत तपासणीतही सापडेनासे होतात. ती अवस्था टिकून राहिली, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही.

हे कुणाचे नुसते आश्वासन नव्हे, बरे का. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला. एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. आपले पुणेही त्या अभ्यासात होते. ज्यांचे औषध लवकर सुरू झाले, त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असे २०११ साली जाहीर झाले.

मात्र ही गोळी गरमी किंवा परमा थांबवीत नाही. त्यांची तऱ्हा निराळी. गरमीचा व्रण दुखत नाही, आपोआप भरूनही येतो. माणसाला वाटते, सुटलो! रोग मात्र आतच असतो. स्त्रीला तर पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आणि गर्भारपणी तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. हे दोन्ही रोग औषधाने बरे होतात, पण उपचार दोघांचेही व्हायला हवेत. एकट्यानेच चोरून इंजेक्शन घेतले, तर बरा झालेला माणूस घरातूनच तो रोग पुन्हा घेतो. म्हणून डॉक्टर सांगतील तोपर्यंत संबंध टाळावेत.

कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. रुग्णाची माहिती गुप्त राखणे त्याने बंधनकारक केले, आणि दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून काळजी घेण्याचे कर्तव्य रुग्णावरही टाकले. सांगितले तर मारहाण होईल, घराबाहेर काढतील, अशी रास्त भीती असलेल्या स्त्रीचा त्यात वेगळा विचार आहे. अशा बाईने एकटीने धाडस करू नये, आधी समुपदेशकाला गाठावे. १०९७ या क्रमांकावर फोन केला तरी चालतो, पैसे पडत नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याने त्याच आठवड्यात घरी सांगितले. आठ दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, “चला, माझंबी रक्त बघू.” लागण नव्हती. तीन महिन्यांनीही नव्हती, आणि आजही नाही. तिचा राग मात्र पुरता गेलेला नाही, आणि तो जायलाच हवा असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण रागावायला ती धडधाकट आहे, हे त्याच्या त्या एका संध्याकाळच्या बोलण्यामुळे.

भूकंपानंतर आम्ही नवी घरे बांधली ती पुढच्या धक्क्याचा विचार करून. जुन्या जाड भिंतींचा भरवसा आम्ही सोडला. श्रोतेहो, लाजेची भिंतही तशीच आहे. उभी असते तोवर आडोसा वाटतो, पडते तेव्हा मात्र आपल्याच माणसांवर पडते.