आपत्कालीन कक्ष आणि आपली सिद्धता

(ठाणे जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



रुग्णालय म्हटले की आपण खाटा मोजतो. परंतु आपत्कालीन कक्षाची क्षमता केवळ खाटांवर नव्हे, तर त्या किती लवकर मोकळ्या होतात यावर अवलंबून असते. वॉर्डात जागा नसली, की उपचार झालेला रुग्णही कक्षातच अडकून पडतो आणि दारात आलेल्या नव्या रुग्णास स्ट्रेचर मिळत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. सुमारे ५०० खाटांच्या या महानगरपालिका रुग्णालयावर ग्रामीण भागातील रुग्णांचाही भार होता. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या स्थलांतरामुळे त्यात भर पडली होती. काही रुग्ण उशिरा, अत्यवस्थ स्थितीत आल्याचे प्रशासनाने त्या वेळी सांगितले होते.

हा झाला नित्याचा भार. आपत्ती मात्र पूर्वसूचना देत नाही. डोंबिवली औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले. दुसऱ्या स्फोटात साठाहून अधिक माणसे जखमी झाली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून प्रवासी खाली पडले. मोठ्या दुर्घटनेत बहुधा किरकोळ जखमी मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात आधी पोहोचतात. गंभीर जखमी येतात तेव्हा कक्ष भरलेला असतो. म्हणून दारातच वर्गवारी हवी : तातडीचे लाल, थोडे थांबू शकणारे पिवळे, किरकोळ हिरवे. हिरव्यांसाठी वेगळी जागा आधीच ठरलेली असावी.

यात आपणां सर्वांचा वाटा आहे. अधिकाऱ्यांनी मोकळ्या खाटा, व्हेंटिलेटर व रक्तसाठा यांची दैनंदिन नोंद एकत्र ठेवावी आणि रुग्ण पाठविण्यापूर्वी दूरध्वनी करण्याची शिस्त लावावी. शिक्षकांनी वाहते रक्त दाबून थांबविण्यासारखे प्रथमोपचार मुलांना शिकवावेत. पंचायत सदस्यांनी साध्या ताप-खोकल्याचे रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वळवावेत. सर्पदंश झालेला माणूस वा अडलेली बाळंतीण यांच्यासाठी मात्र १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

नव्या इमारती उभ्या राहण्यास वर्षे लागतात. ही शिस्त आजपासून पाळता येते. संकटाच्या दिवशी कक्षात जागा हवी असेल, तर ती रोजच्या दिवशी राखली पाहिजे.