घण मारणारी बाई आणि कडबाकुट्टीचं झाकण

मी मुदखेडहून बोलतेय. हातातलं काम सोडू नका, भाकरी थापत थापत ऐकलं तरी चालेल.

मिरगाच्या आधी आपल्याकडे गावाच्या कडेला घिसाड्यांची पालं पडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराच्या पासा शेवटायला आपण तिकडेच जातो. तिथं घण कोण मारतं, हे कधी नीट बघितलंत का? बाप्या सांडशीत लालभडक लोखंड धरून ऐरणीसमोर बसलेला असतो. तो लहान हातोडीने नुसती जागा दाखवतो, आणि उभं राहून डोक्यावरून घण आणते ती बाई. पदर खोचलेला, लेकरू पालात झोळीत. दोघांचा ताल असा की एक ठोका चुकला तर त्याची बोटंच जातील. पिढ्यान् पिढ्या हे चालू आहे. तरी आमच्या गटाच्या बैठकीत मी वेल्डिंग शिकायचं म्हटलं, तेव्हा पहिला आवाज आला, “अवो ताई, लोखंडाचं काम बायाचं असतंय व्हय?”

हा विषय बैठकीत निघाला तो हौसेनं नाही. आमच्या एका गटानं कर्ज काढून कडबाकुट्टी यंत्र घेतलं. पाच-सहा घरांच्या म्हशी, कडबा आळीपाळीनं कुट्टी करायचा. पहिलं वर्ष बरं गेलं. पुढं पट्टा उतरायला लागला. दरवेळी पट्टा चढवायचा तर वरचं पत्र्याचं झाकण काढायचं, चार बोल्ट सोडायचे, परत बसवायचे. कुणीतरी वैतागून ते झाकण काढून गोठ्यात उभं करून ठेवलं. तुमच्याकडेही असंच असणार, खोटं बोलू नका.

एका संध्याकाळी एक ताई वाकून खालची कुट्टी ओढत होती. पदर सुटला आणि पट्ट्याबरोबर चाकात गेला. मान खाली ओढली गेली. त्याच क्षणाला लाईट गेली. लोडशेडिंगला आपण रोज शिव्या देतो, त्या दिवशी त्यानं एक जीव वाचवला. गळ्याभोवती काळानिळा वळ राहिला, बाकी काही झालं नाही. पण त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं यंत्र विकून टाका, कुणी म्हणालं बाप्यांनीच चालवावं. बाप्ये चालवणार कधी? धार काढायच्या वेळेला ते घरी असतात का? मग ती वाचलेली ताईच म्हणाली, “झाकन परत बसवा की. पर असं बसवा की काढावं लागू नये.”

मला विचाराल तर सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. जे झाकण काम अडवतं ते माणूस काढून फेकतोच. म्हणून झाकण असं हवं की बिजागरीवर दारासारखं उघडेल, आणि जाळीचं असेल म्हणजे पट्टा उतरला की काय ते न उघडता दिसेल. आम्ही गावातल्या एका वेल्डरदादाकडे गेलो. तो म्हणाला, करून देतो. आम्ही म्हटलं, करून नको, शिकवून दे. आधी तो हसला. मग म्हणाला, दुपारी दोन ते चार मशीन रिकामी असते, या.

पहिले दोन दिवस त्यानं मशीनला हातही लावू दिला नाही. नुसतं मोजणं, खडूनं खूण करणं, गुण्यानं काटकोन बघणं. आम्हाला कंटाळा आला, पण तोच बरोबर होता. एक ताई तर शिवणकाम करणारी, तिनं कागदाचं झाकण कापून आणलं, ब्लाऊजचं माप घ्यावं तसं. ते कागद यंत्राला लावून बघितलं तेव्हा कळलं की मोटारीकडची बाजू दोन बोटं आखूड पडते. लोखंड कापल्यावर कळलं असतं तर?

लोखंड आणायला गेलो तिथली एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ही तुम्हाला घर बांधतानाही उपयोगी पडेल. लोखंड किलोवर मिळतं, आणि आपण काट्याकडे बघत बसतो. गोल गजाचं वजन तुम्ही घरी काढू शकता. गज जितक्या मिलिमीटरचा, त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा आणि १६२ ने भागा. आलं ते एक मीटरचं वजन, किलोमध्ये. म्हणजे १० मिलिमीटरचा गज असेल तर दहा दाहे शंभर, भागिले १६२, साधारण ६१७ ग्रॅम. अख्खा गज १२ मीटरचा असतो, म्हणजे एक गज सुमारे ७ किलो ४०० ग्रॅम भरला पाहिजे. १२ मिलिमीटरचा असेल तर सुमारे १० किलो ६५० ग्रॅम. थोडंफार इकडंतिकडं होतं, पण एका गजामागं किलो-दीड किलोचा फरक आला तर विचारा. आमच्या झाकणाला गज नव्हता, २५ बाय २५ बाय ३ चा अँगल होता. तो मीटरला १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास जातो. अख्खा ६ मीटरचा तुकडा घेतला, साडेसहा किलोच्या वर भरला. दुकानदार म्हणाला, “बाई, तुम्ही शाळेत शिकवता का?”

आता वेल्डिंगचं. बारा नंबरची काडी, म्हणजे अडीच मिलिमीटरची, पातळ कामाला. दहा नंबरची, म्हणजे ३.१५ ची, जाड कामाला. बारा नंबरला ६० ते ९० अँपिअर करंट पुरतो. जास्त ठेवला तर अँगलला भोक पडतं, कमी ठेवला तर काडी चिकटून बसते. पहिल्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या काड्या चिकटल्या. नंतर कळलं की काडी ओढायची असते तव्यावर धिरडं फिरवावं तशी, एका चालीनं.

डोळ्यांचं मात्र नीट ऐका. काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे बघायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही, आणि लेकरांना जवळ उभं करायचं नाही. त्यावेळी काही होत नाही, म्हणून माणूस फसतो. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. आमच्या एकीला झालंच. घरी कुणी दूध घालायला निघालं, कुणी बटाट्याची चकती ठेवायला. काही घालू नका, चोळू नका, दवाखान्यात जा. आणि नायलॉनची साडी नेसून वेल्डिंगला बसू नका, ती ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते. आम्ही नवऱ्याचे जुने सुती शर्ट साडीवर चढवले. दिसायला कसंही दिसो. नळाचे पांढरे जस्ती पाईपही बंद खोलीत जोडायचे नाहीत, त्याच्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो.

झाकण व्हायला नऊ दुपारी लागल्या. जोड काही सुबक नाहीत, दादानं दोन ठिकाणी परत मारून घेतले. पण उघडतं, मिटतं, आणि आता ते कुणी काढत नाही.

मधेच एक आठवलं. किर्लोस्करांचं नाव पंपावर, इंजिनावर आपण वाचतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. त्यांनी पुढं सुरुवातीला बनवलेल्या यंत्रांत हेच आपलं कडबा कापायचं यंत्र होतं. लोखंडी नांगर काढला तर लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी घेईनात. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली. त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं, हे मला फार आवडतं. आणि पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या पद्धतीनं चालणाऱ्या शाळांत आठवी ते दहावीच्या मुलीसुद्धा आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात, त्यात वेल्डिंगही येतं. आपल्या लेकींना शाळेत हे मिळालं असतं तर पस्तिशीत माझी काडी चिकटली नसती.

गाडीचं थोडक्यात सांगते, कारण आता आपल्यातल्या बऱ्याच जणी गाडी चालवतात. मोटारसायकल असेल तर साखळी मधोमध बोटानं वरखाली करून बघा. इंचभर हलली तर ठीक, त्याहून सैल असेल तर ताणून घ्या, अगदी घट्टही नको. स्कुटीला बाहेरून साखळी नसते, पट्टा आत असतो, तो आपण उघडायचा नाही. गाडी चालू होत नसेल तर इंजिन गार झाल्यावर प्लग काढून बघा. काळी काजळी धरली असेल तर जुन्या दातांच्या ब्रशनं साफ करा. हवा सकाळी, चाक गार असताना भरा. एवढ्यानं निम्म्या वेळा मेकॅनिककडं जायची गरज पडत नाही.

सरकारी योजनेचं एक बोलते आणि थांबते. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा कामांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. पण एका कुटुंबातून एकालाच. म्हणजे घण मारणारी बाई आणि सांडशी धरणारा बाप्या, दोघांतल्या एकाचंच नाव. कुणाचं लागणार ते तुम्हाला माहीत आहे. मला हे पटत नाही. फॉर्म भरायच्या आधी निदान घरात बसून बोला तरी. आणि शेतकरी कुटुंबात यंत्रानं कुणाचा हात गेला, जीव गेला, तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून एक ते दोन लाखांची मदत आहे, तालुका कृषी कार्यालयात लगेच चौकशी करायची. पण दोन लाखांत हात येत नाही.

आता शेजारच्या गावातल्या दोन गटांनी आमच्याकडे झाकणं मागितली आहेत. पैसे किती घ्यायचे यावर आमचं भांडण चालू आहे. एकीचं म्हणणं लोखंडाची किंमत आणि काडीचा खर्च घ्या, एकीचं म्हणणं आपल्या दुपारचे पैसे का सोडायचे. मी दुसरीच्या बाजूची आहे.

तुमच्याकडे उघडा पट्टा असेल तर उद्या लाईट बंद करून, मोटारीचं बटण काढून, माप घ्या. दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांपासून कडांपर्यंत लांबी, मोठ्या चाकाची उंची, आणि पट्ट्याची रुंदी. तिन्हीत चार-चार बोटं जास्त धरा. कागद कापून यंत्राला लावून बघा. तोपर्यंत पदर कमरेला घट्ट खोचा, वेणीचा अंबाडा घाला, आणि कुट्टी ओढायला हात नाही, काठी वापरा.