मालाची मांडणी आणि मांडणारे हात
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



नोकरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बँक, शाळा नाहीतर सरकारी कचेरी येते. मी स्वतः बँकेत कारकून आहे. तरीही आज मी एका वेगळ्या कामाकडे आपले लक्ष वेधणार आहे. ते काम म्हणजे दुकानात माल मांडण्याचे. ते करणाऱ्याला मर्चेंडायझर म्हणतात.

पूर्वी गिऱ्हाईक माल मागत असे आणि दुकानदार तो काढून देत असे. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान काढले. तेथे गिऱ्हाईकाने टोपली घेऊन स्वतःच माल उचलायचा होता. ही पद्धत पुढे जगभर पसरली. मुंबईत पवईला २००२ साली डी-मार्टचे पहिले दुकान निघाले, तेही याच पद्धतीचे. अशा दुकानात माल दाखवणारा माणूस मधून गेला. त्याचे काम आता मांडणी करते.

मर्चेंडायझर बहुधा माल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस असतो. तो रोज चार दुकाने फिरतो, रिकाम्या फळ्या भरतो, आधी आलेला माल पुढे आणि नवा मागे ठेवतो, किमतीची पट्टी तपासतो, मुदत संपलेला माल काढतो आणि शिल्लक किती ते कंपनीला कळवतो. नजरेच्या उंचीवरील फळीचा माल चटकन उचलला जातो, म्हणून त्या फळीसाठी तो दुकानदाराशी गोडीने बोलतो. पैसे देण्याच्या रांगेजवळ चॉकलेट ठेवलेले असते, तेही हिशेबानेच.

मित्रहो, ज्या हातात एवढे सामर्थ्य आहे, त्या हातावर जबाबदारीही आहे. बारीक अक्षर न वाचता येणारी आपली आई त्या फळीवरून डबा उचलते. मुदत संपत आलेला माल 'खास सवलत' म्हणून पुढे करायचा आणि तारीख मात्र झाकायची, हे कौशल्य नव्हे. ती फसवणूक आहे. छापील कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे कायद्याने गुन्हा आहे. खपाचा आकडा गाठायचा दबाव येईल. त्या वेळी ताठ उभा राहील तोच खरा मर्चेंडायझर.

आणि स्वतःच्या हक्कांबाबतही जागरूक राहा. हे काम पुष्कळदा कंत्राटदारामार्फत मिळते. पगार एक देतो, हुकूम दुसरा सोडतो. म्हणून नेमणुकीचे पत्र मागा, पगार बँक खात्यात घ्या, भविष्य निर्वाह निधीची कपात खरोखर जमा होते की नाही ते पाहा.

हे काम कमी दर्जाचे समजू नका. गिऱ्हाईक ओळखणे, हिशेब ठेवणे आणि माणसे सांभाळणे येथे शिकायला मिळते. उद्या स्वतःचे दुकान काढाल, तेव्हा हीच विद्या भांडवल ठरेल.